मधोमध कापलेला दोर

प्रेमलताबाई रेवतकरांचा राग तोंडातून फारसा निघत नसे, तो हातातून निघे. शहराला लागून असलेल्या वाडी गावातल्या त्यांच्या गल्लीला हे चांगलं ठाऊक होतं. बाई चिडल्या की घरातून आरडाओरडा ऐकू यायचा नाही, कामाचा आवाज यायचा. नणंदेच्या लग्नात प्रेमलताबाईंच्या आईला मुद्दाम दुसऱ्या पंगतीला बसवलं, तेव्हा त्या एक शब्द बोलल्या नाहीत. लग्न आटोपल्यावर एका दुपारी त्यांनी एकटीनं अख्खं स्वयंपाकघर चुन्यानं पोतून काढलं आणि मग बरेच दिवस भाजलेल्या हातांना तूप चोळत बसल्या. एकदा गोडाऊनकडे वळणाऱ्या ट्रकनं कुंपणाची भिंत पाडली आणि ड्रायव्हर वर हसला. त्या हसण्यातून मागच्या आंगणात वांग्यांचा वाफा तयार झाला आणि त्यातली वांगी गल्लीनं पोटभर खाल्ली. शेजारच्या पार्वतीबाई म्हणायच्या, "प्रेमलता चिडली की गल्लीचं काही ना काही भलं होते बाप्पा."

नरखेडकडच्या एका संत्र्याच्या बगीच्यातून ही मुलगी लग्न होऊन वाडीला आली, तेव्हा अमरावती रोडला एवढी गोडाऊनं नव्हती. घरामागं शेत होतं आणि शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक कडूनिंब होता. पुढं शेताचे प्लॉट पडले, प्लॉटवर घरं आली, भाड्याच्या खोल्या आल्या, ट्रकच्या हॉर्ननं गल्ली जागी व्हायला लागली. निंब मात्र रेवतकरांच्या कुंपणाच्या आत सापडला आणि वाचला. नागपंचमीला त्या निंबाला झुला बांधायचा, हे मग गल्लीचंच ठरून गेलं. सासरहून आलेल्या लेकी दुपारी तिथं जमायच्या. फळीला हळदकुंकू लागायचं आणि पहिला झुला घरच्या लेकीचा, म्हणजे रेवतकरांच्या अश्लेषाचा. मग बाकीच्यांचा. दुसऱ्या दिवशी लेकी परत निघाल्या की झुला सोडून ठेवायचा. पाहुण्या गेल्यावर रिकामा झुला लटकत ठेवू नये, असं पार्वतीबाईंच्या सासूनं सांगितलेलं होतं आणि ते कुणी मोडलं नव्हतं.

झुला बांधायचे भैयाजी, प्रेमलताबाईंचे यजमान. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये गाड्या भरून घेण्यात त्यांचा जन्म गेला होता. माल चढला, ताडपत्री पडली, की दोर आवळून शेवटची गाठ तेच मारायचे. माणूस शांत, कुणाचं वाईट न चिंतणारा. गल्लीत कुणाशी त्यांचं भांडण झालेलं कुणाला आठवत नव्हतं. प्रेमलताबाईंना हल्ली या शांतपणाचाच सगळ्यात जास्त राग येत होता.

कारण अश्लेषा चैत्रात घरी आली होती. अमरावतीहून, दोन बॅगा आणि सात वर्षांची हिमानी घेऊन. नवऱ्यानं तिच्यावर हात उचलला होता, आणि ते पहिल्यांदा नव्हतं. पहिल्यांदा उचलला होता त्या दिवाळीनंतर भैयाजी स्वतः तिला एस.टी.नं परत सोडून आले होते, आणि सोबत न्यायला बेसनाचे लाडू प्रेमलताबाईंनीच बांधून दिले होते. ते लाडू आठवले की त्या अजूनही हातातलं भांडं जोरात घासायच्या. या वेळी अश्लेषा आली ती दारातच म्हणाली, "आई, मी परत जायले नाही आली." प्रेमलताबाईंनी बॅगा उचलून आतल्या खोलीत नेल्या. त्यांच्या लेखी विषय तिथंच संपला.

भैयाजींच्या लेखी तो सुरूच झाला नाही. कुणी विचारलं, "काय जी भैयाजी, पोरगी आली वाटते?" की ते म्हणायचे, "हो, सुट्टीत आली." सुट्टी संपली. हिमानीचं नाव इथल्या शाळेत घातलं, अश्लेषाला एका गोडाऊनच्या ऑफिसात बिलांचं काम मिळालं, रोज सकाळी तोंडाला स्कार्फ गुंडाळून ती स्कूटीवर जायला लागली. तरी भैयाजींचं उत्तर तेवढंच सरकलं. आता ते म्हणायचे, "जाईल आता. चाललं आहे त्यांचं बोलणं." कसलंही बोलणं चाललं नव्हतं. खोटं बोलताना भैयाजींना मनगटावरच्या घड्याळाकडे पाहायची सवय होती. चैत्रापासून त्यांनी ते घड्याळ इतकं पाहिलं होतं, की कुठं तरी गाडी चुकणार आहे असं वाटावं.

श्रावण लागला तशी हिमानी त्यांच्या मागं लागली. "आबा, झुला कधी बांधून राहिले?"

"यंदा नाही बांधत बाळा. फांदी किडली आहे." भैयाजींनी घड्याळ पाहिलं.

"मग दुसऱ्या फांदीले बांधा."

"दोरच नाही ना. उंदरानं कुरतडला." त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं.

आत प्रेमलताबाई ज्वारीचं पीठ मळत होत्या. हात थांबला नाही, पण पिठाचा गोळा परातीत असा काही आपटला की बाहेर भैयाजींनी पेपर तोंडासमोर धरला.

एवढ्यावर कदाचित भागलं असतं. पण त्याच संध्याकाळी पार्वतीबाई कुंपणाच्या भिंतीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. गल्लीतल्या सगळ्यात वडील त्या. कुणाच्या घरी काय करायचं नि कसं करायचं, हे त्यांना विचारल्याशिवाय होत नसे.

"प्रेमलता, झुला बांधून राहिली न वं यंदा? आमची गोपिका येऊन राहिली सासरहून. मी म्हणत होती, यंदा पयला झुला तिले देऊ."

"काहून? पयला अश्लेषाचा राहते."

"हो, राहते. पण ती सासरहून कुठं आली वं यंदा?" पार्वतीबाईंचा आवाज मऊच होता. "मी वाईट नाही म्हणून राहिली. आपलं रीतीनं म्हणते. ती जाईल तवा जाईल, मग पुढच्या वर्षी बसंल पयली. भैयाजी म्हणतच होते, बोलणं चालू आहे म्हणून."

 प्रेमलताबाई आत गेल्या, मुसळ घेतलं, शिडी निंबाला टेकवली आणि वर चढून झुल्याच्या फांदीवर ठाणठाण मुसळ हाणायला लागल्या. कावळे उडाले. पिवळी पानं पार्वतीबाईंच्या अंगावर पडली. फांदी टणक वाजत होती, पोकळ आवाजाचा कुठं पत्ता नव्हता.

"काय करून राहिली वं बाई? पडशील न!"

"फांदी किडली म्हणते कोणीतरी. कीड शोधून राहिली," प्रेमलताबाई वरून म्हणाल्या. त्यांचा आवाज ओसरीवर पेपर वाचणाऱ्या माणसाला नीट ऐकू जाईल एवढा होता.

यंदा झुला बांधायचा, आणि पहिल्यांदा त्यावर अश्लेषाच बसणार. सगळ्या गल्लीसमोर. प्रेमलताबाईंनी हे शिडीवरच ठरवलं. आणि तो बांधायला भैयाजींना म्हणायचं नाही, हेही.

जुनी फळी शोधायला गेल्या तर ती कूलरखाली सापडली. उन्हाळ्यात कूलर डुगडुगत होता म्हणून भैयाजींनी ती खाली सरकवली होती. अख्खा उन्हाळा तिच्यावर पाणी ठिबकलं होतं. फळी फुगली होती, मधून उकलली होती आणि बोट लावलं की तिचा भुसा निघत होता. प्रेमलताबाईंनी ती उचलून ओसरीवर, बरोबर भैयाजींच्या पायांशी ठेवली.

"याच्यावर बसवून तुम्ही पोरीले झुलवत होते."

"अवं, दुसरं काही सापडलं नाही तवा..."

"सापडत नाही तुमाले. काहीच सापडत नाही."

नागपंचमीच्या आदल्या दिवशी सकाळीच त्या लाकडाच्या टालावर गेल्या. टालवाल्यानं आधी पाइनची फळी दाखवली. म्हणाला, "मावशी, लहान पोरांसाठी बस होते ही." प्रेमलताबाईंनी फळी दोन विटांवर ठेवली, तिच्यावर उभ्या राहिल्या आणि ती वाकल्यावर त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग सागवानाची निघाली. दोराच्या दुकानात त्यांनी नायलॉनचा जाड दोर घेतला, हातभर ओढून पाहिला, दोनदा.

त्या दिवशी गल्लीत सगळीकडे कापाकापी चालली होती. उद्या नागपंचमी. उद्या चुलीवर तवा चढणार नव्हता, भाजी चिरली जाणार नव्हती, विळी दुपट्ट्याखाली झाकून ठेवायची होती. उद्या करवत नाही, कात्री नाही, खुरपं नाही. न्हाव्याचीही सुट्टी. म्हणून जे काही कापायचं, चिरायचं, तासायचं ते आजच. घराघरांतून विळीचा आवाज येत होता आणि रेवतकरांच्या मागच्या आंगणातून करवतीचा.

करवत भैयाजींची होती, त्यांना न विचारता घेतलेली. प्रेमलताबाईंनी फळी पायाखाली दाबली आणि कापायला सुरुवात केली. करवत अडकायची, त्या ओढायच्या, पुन्हा अडकायची.

"अशी नाही धरत करवत," ओसरीवरून आवाज आला.

"मी विचारलं?"

करवत पुन्हा अडकली.

"जोर खाली येताना लावायचा. वर जाताना नाही."

"जोर कवा लावायचा ते तुम्ही मले नका शिकवू. तुम्ही कुठं लावला आजपर्यंत?"

भैयाजींनी पेपर उलटा धरला होता, हे हिमानीनं त्यांना सांगितलं तेव्हा ते आत निघून गेले.

प्रेमलताबाईंच्या मनात करवतीच्या प्रत्येक ओढीला एकेक माणूस येत होता. अमरावतीचा जावई आला. त्याची ती गोड बोलणारी आई आली, जी फोनवर म्हणाली होती, "तुमची मुलगी जरा तोंडाळ आहे हो." पार्वतीबाई आल्या, मऊ आवाजासकट. आणि मग बेसनाचे लाडू आले, ओळीनं डब्यात रचलेले. तिथं करवत सरळ चालली. फळीच्या दोन्ही टोकांना त्यांनी खाचा पाडल्या, म्हणजे दोर सरकणार नाही. कडा पॉलिश पेपरनं इतक्या घासल्या की हिमानीनं गाल लावून पाहिला आणि म्हणाली, "आजी, साबणासारखी झाली."

मग दोर. घरात कुठलीही वाटणी करायची तर प्रेमलताबाई ती काटेकोर करत. लाडू असो, साडी असो, जमिनीचा तुकडा असो, एकाला जास्त नि एकाला कमी त्यांना चालत नसे. त्यांनी दोराची दोन टोकं एकमेकांना लावली, मधला बाक शोधला आणि बरोबर मधोमध दोर कापला. टोकं मेणबत्तीवर धरून वितळवली, म्हणजे सुटणार नाहीत. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून पाहिले. एका बोटाचाही फरक नव्हता. दिवसभरात पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं.

संध्याकाळी स्कूटी आली. अश्लेषा स्कार्फ सोडत मागच्या आंगणात आली आणि फळीकडे पाहत उभी राहिली.

"हे काय वं आई?"

"झुला. उद्या पयला तुझा."

"कोणी सांगितलं तुले?"

"कोणी काहून सांगल? दरवर्षी राहतेच."

"गल्लीतल्या सगळ्या बाया तोंडाकडे पाहत राहतील, आणि मी मधे बसून झुलू?" अश्लेषाचा आवाज चढला. "ऑफिसात दिवसातून दोनदा मले विचारतात, मॅडम, साहेब कुठं राहतात? रस्त्यात भाजीवाली विचारते. आता झुल्यावर बसवून विचारणार का?"

"म्हणूनच बसायचं! म्हणूनच!"

"तू मले विचारलं का एकदा तरी, मले काय पाहिजे ते?"

प्रेमलताबाईंच्या हातावर फोड आला होता. त्यांनी तो पदरात झाकला. "माझ्या हातून कातडं गेलं आणि तू मलेच बोलून राहिली?"

"मी सांगितलं होतं कातडं घालवायले?"

अश्लेषा आत गेली आणि दार लावून घेतलं. तेवढ्यात जोराची सर आली. शिडी ओली झाली, झुला टांगायचं काम सकाळवर गेलं. प्रेमलताबाई फळी आणि दोर उचलून ओसरीवर आल्या. आता त्यांना पोरीचाही राग आला होता. एका घरात एवढ्या जणांवर एकाच वेळी रागावणं सोपं नसतं. त्या दिवशी भाकरी त्यांनी चांगल्याच पातळ थापल्या.

सकाळी आंघोळ करून, देवघरातल्या नागाच्या चित्राला दूध-लाह्या दाखवून, पुरणाचे कानोले वाफवायला ठेवून त्या शिडीवर चढल्या. खोडाजवळ एक दोर बांधला, पुढं सरकून दुसरा. खाली उतरून खाचांमध्ये दोर बसवले, गाठी मारल्या आणि मागं सरून पाहिलं.

फळी तिरपी झाली होती. चांगली घसरगुंडीसारखी.

त्यांनी फांदीकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या फांदीखाली भांडी घासली, पण आज त्यांच्या लक्षात आलं की ती खोडाजवळ खाली आहे आणि पुढं जाऊन वर चढते. दोन्ही दोर अगदी सारखे, फांदी मात्र सारखी नव्हती. पुढचा दोर आखूड पडला होता. जवळचा वर ओढून घ्यावा, तर फळी छातीपर्यंत चढत होती. हिमानी उडी मारून पाहत म्हणाली, "आजी, याच्यावर बसायले पण शिडी लागंल."

दुसरा दोर आणावा, तर दुकानदार तो गुंडाळ्यातून कापूनच देणार, आणि आज कापणं नाही. शेजारून मागावा, तर सांगावं लागणार की रेवतकरांकडे झुला झाला नाही. कानोल्यांचा वास यायला लागला होता. दुपारी बाया येणार होत्या. प्रेमलताबाई त्या तिरप्या फळीजवळ उभ्या राहिल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा राग हातातून निघेना. करायला काही उरलंच नव्हतं. मग तो डोळ्यांतून निघायला लागला, तेव्हा त्यांनी पदरानं तोंड खसाखसा पुसलं आणि निंबाला म्हणाल्या, "तूही वाकडाच निघाला."

मागून पावलं वाजली. भैयाजी आले होते. त्यांच्या खांद्यावर दोराचं भेंडोळं होतं, मागच्या वर्षीच्या. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, कारण तो कपड्यांच्या ट्रंकेमागं ठेवलेला होता. उंदीर त्याच्या आसपासही फिरकला नव्हता.

प्रेमलताबाईंनी दोराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"हा कुरतडलेला का?"

 भैयाजींनी शिडी पुढं सरकवली, वर चढले आणि आखूड पडलेल्या दोराला जुना दोर जोडला. जोडाची गाठ त्यांनी दोनदा मारली, पायानं ओढून पाहिली. मग उतरून फळीच्या एका बाजूला बसले, उठले, एक गाठ सैल केली, पुन्हा बसले. फळी पाण्यासारखी सपाट झाली.

"फळी छान केली," ते म्हणाले. "खाचा बरोबर आहेत."

"फळीचं नका सांगू मले," प्रेमलताबाई म्हणाल्या. "दोर बांधून मोकळे होऊ नका. दुपारी त्या विचारतीन. काय सांगणार आहे ते सांगा."

भैयाजींनी मनगटाकडे पाहिलं. घड्याळ आंघोळीच्या वेळी काढून ठेवलेलं होतं.

दुपारी बाया आल्या, नव्या साड्यांच्या, हातांवर मेंदीच्या. गोपिका आली, सगळ्यांत पुढं पार्वतीबाई. फळीला हळदकुंकू लागलं. कुणी म्हणालं, "सागवान का हो? मस्त आहे." पोरं धावत होती. अश्लेषाची खोली बंदच होती.

"चला मग," पार्वतीबाई म्हणाल्या. "बस वं गोपिका."

"पयला अश्लेषाचा," प्रेमलताबाईंनी सांगितलं. त्यांनी झुल्याचा दोर मुठीत धरला होता.

 ट्रकचा एक लांब हॉर्न रस्त्यावरून गेला.

"अवं, मी तुले त्या दिवशी सांगितलं न..." पार्वतीबाईंनी मान वळवली. शिडीजवळ भैयाजी उभे होते. "भैयाजी, तुम्हीच सांगा. कवा जाऊन राहिली अश्लेषा? सरळ विचारते, राग नका मानू."

सगळ्या बाया भैयाजींकडे पाहायला लागल्या. प्रेमलताबाईही. भैयाजींनी घसा साफ केला. "आता... म्हणजे श्रावण झाला की..."

"बाबा."

दार उघडलं होतं. अश्लेषा ओसरीच्या पायरीवर उभी होती. घरातल्याच साध्या सलवार-कुडत्यात, केस नुसते वर बांधलेले. तोंड लाल झालं होतं.

"श्रावण झाला की काय बाबा? बोला न पूर्ण."

भैयाजी शिडीचा दांडा चाचपत राहिले.

"मीच सांगते मग. मावशी, मी नाही जाऊन राहिली कुठंच. घटस्फोटाचा अर्ज केला मी. पोरीची शाळा इथं आहे, माझी नोकरी इथं आहे, मी इथं राहते." ती एकेक पायरी उतरत होती. "आणि आई, तू पण ऐक. मले पयला झुला नको. गोपिकाले दे."

"काहून?" प्रेमलताबाई ओरडल्याच. "काहून द्यायचा? तुझा आहे तो!"

"पयला झुला पाहुणीचा राहते आई. सासरहून आली, दोन दिवस राहिली, गेली. मग तुम्ही झुला सोडून ठेवता. मी पाहुणी आहे का? चैत्रापासून बाबा मले पाहुणी म्हणून सांगून राहिले, आणि तू तेच करून राहिली, फक्त हळदकुंकू लावून!"

प्रेमलताबाईंची मूठ दोरावरून सुटली.

"गोपिका, बस तू," अश्लेषा म्हणाली. तिचा आवाज आता तेवढा चढा नव्हता. "तू पाहुणी आहेस, मस्त झूल. माझं मी पाहीन उद्यापासून. फक्त उद्या हा झुला कोणी सोडायचा नाही. सांगून ठेवते."

गोपिका अवघडून बसली. कुणीतरी हळूच धक्का दिला. पार्वतीबाई काहीतरी म्हणणार होत्या, पण त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "रिकामा झुला लटकत ठेवत नाहीत वं..."

"रिकामा कुठं राहणार आहे मावशी?" अश्लेषा म्हणाली आणि आत जाऊन कानोल्यांचं भांडं घेऊन आली. सगळ्यांना तिनंच वाढलं. एकीनंही त्या दिवशी तिला पुढचा प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी लेकी गेल्या. गोपिकाची बॅग ऑटोत चढली. प्रेमलताबाई स्वयंपाकघरात कांदे चिरत होत्या. विळी पुन्हा बाहेर आली होती. खिडकीतून त्यांना दिसलं, भैयाजी शिडी घेऊन निंबाकडे चालले होते. दरवर्षी याच वेळी ते झुला सोडायचे.

प्रेमलताबाईंच्या हातातला कांदा तिथंच राहिला. त्या मागच्या दारातून निघाल्या, तेव्हा हातात झाडू कसा आला हे त्यांनाही कळलं नाही.

"हात तर लावून पाहा त्याले..."

भैयाजी शिडीवर होते. त्यांच्या बगलेत ट्रकच्या ट्यूबचे दोन काळे तुकडे होते. जुन्या सायकलीच्या मागं ते पडून असायचे. दोर आणि फांदी यांच्यामध्ये एक तुकडा त्यांनी सरकवला होता, दुसरा सरकवत होते. रोजच्या वापराच्या दोराखाली असंच घालावं लागतं, नाहीतर साल सोलून निघते आणि दोरही झिजतो. सणापुरत्या झुल्याला त्यांनी हे कधीच केलं नव्हतं.

भिंतीपलीकडून पार्वतीबाईंचं डोकं दिसलं. कपडे वाळत घालता घालता त्या थांबल्या होत्या.

"भैयाजी, सोडून नाही राहिले का झुला?"

भैयाजींनी तुकडा नीट बसवला, दोर दाबून पाहिला. घड्याळ हातात होतं, पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

"नाही सोडत," ते म्हणाले. "आमची पोरगी इथं राहते. अश्लेषा. नवरा मारत होता तिले. मी एकदा परत नेऊन सोडली होती, ती माझी चूक. आता नाही जाणार ती."

पार्वतीबाईंच्या हातातलं ओलं लुगडं टपटपत राहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. लुगडं दोरीवर टाकून पुन्हा म्हणाल्या, "बरं केलं."

प्रेमलताबाई झाडू घेऊन तशाच उभ्या होत्या. चैत्रापासून ज्या वाक्याची वाट पाहिली ते आलं होतं, आणि आलं तरी त्यांना बरं वाटत नव्हतं. उलट जास्तच राग येत होता. इतकं सोपं होतं ते. शिडीवर उभं राहून, ट्यूबचा तुकडा बसवता बसवता म्हणता येण्यासारखं. मग इतके महिने पोरीनं स्कार्फमध्ये तोंड लपवून का फिरावं?

"एवढं बोलायले पावसाळा उजाडला तुमाले!" त्या म्हणाल्या. झाडू हातात होताच, म्हणून त्यांनी निंबाखालचं सगळं आंगण झाडून काढलं. शिडीच्या पायांशीही झाडलं. भैयाजींना उतरायला थांबावं लागलं. ते वरच थांबले.

संध्याकाळी स्कूटी आली. अश्लेषा आत न येता सरळ मागं गेली. स्कार्फ अजून तोंडाला बांधलेलाच होता. तो तिनं ओढून काढला, फांदीवरचे काळे तुकडे तिला दिसले, ती ते पाहत राहिली. मग पर्स जमिनीवर टाकली आणि झुल्यावर बसली. आधी हळू, मग फळीवर उभं राहून. हिमानी "माझी बारी, माझी बारी" करत मागं धावत होती.

खिडकीतून प्रेमलताबाईंनी पाहिलं. विळीवर कांदा होता, त्यामुळे डोळ्यांचं काही कुणाला सांगावं लागलं नाही.

"सँडल तरी काढ वं!" त्या आतून ओरडल्या. "फळी घासायले मले अख्खा दिवस लागला!"

"काढते, काढते," अश्लेषा म्हणाली, आणि झुला थांबवला नाही.